मल्याळम पिक्चरमधलं केरळ खरंच तसं आहे का?

खिडकीजवळ: लॉकडाऊनपासून सबटायटल लावून मल्याळम पिक्चर बघतेय. गल्फला गेलेला मुलगा, चर्च, लाल झेंडे, कट्टन म्हणजे बिनदुधाचा चहा, एवढं तर बहुतेक सगळ्यात असतंच. पण केरळ खरंच असं आहे की आपण बाहेरचे म्हणून भारावून जातो? तिकडे राहिलेल्यांनी सांगा ना.

भातखाचर: सहा वर्षं कोझिकोडला नोकरी केली म्हणून सांगतो, आख्खं केरळ शोधू नका, तिकडचे दिग्दर्शक एक गाव धरतात. 'सुदानी फ्रॉम नायजेरिया' (२०१८) मलप्पुरमचा, तिथे सेव्हन्स म्हणजे ७-७ जणांच्या फुटबॉलचं प्रचंड वेड आहे आणि आफ्रिकेतले खेळाडू सीझनपुरते खरोखर येतात. त्यातल्या दोन म्हाताऱ्या कोझिकोडच्या नाटकातल्या, त्या बोलायला लागल्या की मला आमच्या घरमालकीणबाईच आठवतात. आणि 'ई.मा.याव' बघा, चेल्लानमचा किनारा, लॅटिन कॅथलिक वस्ती, बापाला थाटात माती द्यायचा शब्द दिलेला मुलगा आणि जवळ पैसा नाही. मरणाऱ्याच्या कानात 'ईशो मरियम यौसेप' म्हणतात, त्याचीच ही आद्याक्षरं. सबटायटलमध्ये ही दोन्ही गावं एकसारखंच इंग्रजी बोलतात, अर्धी मजा तिथेच जाते.

सांजवात: गाव खरं असेल, पण ते कोणाच्या घरातून दाखवलंय तेही बघा. जे. सी. डॅनियल यांच्या 'विगतकुमारन' या पहिल्या मल्याळम चित्रपटात पी. के. रोझी या दलित बाईने नायर या वरच्या जातीतल्या स्त्रीचं काम केलं म्हणून लोकांनी दंगा केला, तिला गाव सोडून पळावं लागलं. म्हणून मला 'द ग्रेट इंडियन किचन' (२०२१) फार मोलाचा वाटतो. सिंकचा पाइप गळतोय, ती रोज नवऱ्याला प्लंबर बोलवा म्हणते आणि सासऱ्याला भात चुलीवरचाच हवा. यात केरळचं साक्षरतेचं कौतुक कुठे उरतं? इंडस्ट्रीतल्या बायकांच्या छळावरचा हेमा समितीचा अहवाल २०१९ मध्ये सरकारला दिला गेला आणि लोकांसमोर आला २०२४ मध्ये, हेही त्याच समाजाचं चित्र आहे.

खिडकीजवळ: रोझीबद्दल काहीच माहीत नव्हतं, वाचून गलबलून आलं. भातखाचर, सबटायटलमध्ये हरवलेला एखादा शब्द सांगाल का?

भातखाचर: 'उम्मा'. मलप्पुरमच्या मुसलमान घरात आईला उम्मा म्हणतात, कोट्टयमकडच्या ख्रिश्चन घरात अम्मच्ची. हाक ऐकली की घर कळतं, खाली मात्र दोन्हीकडे नुसतं 'मदर'.