५ फुटी अवकाशयान, बजेट ३००० रुपये: सांगाडा कशाचा करावा?

फोंडेकर_२२
चवथीच्या आरासीत यंदा अवकाश करायचंय. त्यात मनानेच रचलेलं एक मोठं यान, लांबी ५ फूट, खिडक्यांत आणि इंजिनांत दिवे, वरून टांगलेलं. पुठ्ठा नाहीतर थर्माकोल डोक्यात होतं, पण पावसाळी हवा बघता धीर होत नाही. एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड) जड पडेल आणि ओल धरून फुगेल. हाताशी कटर, स्टीलची पट्टी, छोटं ड्रिल आणि सोल्डरिंग आयर्न आहे.

कातरण
पुठ्ठा नकोच. दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याला कागद-खळ चालते, कारण त्याला एक रात्र काढायची असते.

कणा २५ मिमीच्या कंड्युट पाइपचा (वायरिंगचा प्लास्टिक पाइप), दीड मीटर. त्यात ५ मिमी सनबोर्डाच्या (पीव्हीसी फोमचा हलका बोर्ड) ११ फासळ्या, दर १५ सेंमीवर. वरचं कातडं ३ मिमी. फ्लेक्सचे फलक बनवणाऱ्यांकडे कातरणं पडून असतात, ती मागा. बोर्ड आरपार पीव्हीसीचा हवा. दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये फोम असलेलाही सनबोर्ड म्हणूनच गळ्यात मारतात. त्यावर स्प्रे मारला की कापलेल्या कडेतून आतला फोम विरघळतो. कागद वर तसाच राहतो आणि बोट टेकलं की आत जातं.

गोलाईसाठी आतून दर १ सेंमीवर निम्म्या जाडीच्या चिरा द्या. आधी फेव्हीक्विकने टाचा, मग आतल्या कोपऱ्यातून पीव्हीसी सोल्यूशनची बारीक रेघ. जास्त ओतलं तर फोम मऊ पडतो आणि दुसऱ्या दिवशी बाहेरून खड्डा दिसतो.

यान खेळण्यासारखं दिसतं ते खिडक्यांमुळे. आधी प्रमाण ठरवा. १:१००० धरलं तर तुमचं यान दीड किलोमीटरचं, ३ मीटरचा मजला म्हणजे ३ मिमी. म्हणजे खिडक्यांच्या ओळी ३ मिमी अंतरावर आणि भोक १ मिमीच्या आतच. ५ मिमीची भोकं पाडलीत की यान संपलं.

बारीकसारीक यंत्रसामग्रीला जुने कीबोर्ड, प्रिंटरची चाकं, गोळ्यांची रिकामी पाकिटं. बटणांवरची अक्षरं मात्र घासून काढा. इंजिनांना पाइपचे रिड्यूसर.

तंतू
दिव्यांचं. १२ व्होल्टवर ३ पांढरे एलईडी एकामागे एक आणि १५० ओहमचा एक रेझिस्टर, अशी एक साखळी साधारण १६ मिलिअँप खाते. ६० एलईडी म्हणजे २० साखळ्या, ३२० मिलिअँप. १ अँपचा अडॅप्टर पुरतो.

खिडक्यांना एलईडीचा उजेड नेणारी ०.७५ मिमीची प्लास्टिक फायबर, भोक ०.८ मिमी. फायबरला फेव्हीक्विक लावू नका, ती ठिसूळ होऊन तुटते, फेव्हिकॉल लावा. पांढरा सनबोर्ड उजेड आरपार सोडतो, म्हणून कातडं बंद करण्याआधी आतून काळ्या रंगाचे दोन हात. हे विसरलं तर सगळं यान आकाशकंदिलासारखं उजळतं आणि तेव्हा उघडायला वाट नसते. एक झाकण चुंबकावर ठेवाच.

आणि दोन्ही बाजू सजवायच्या कशाला? वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये असलेलं ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या ‘एंटरप्राइझ’ यानाचं ११ फुटी मॉडेल चित्रीकरणाच्या वेळी डाव्या बाजूने अर्धवटच ठेवलं होतं, वायरी तिथूनच आत जायच्या. भिंतीकडची बाजू कोरी ठेवा, तुमचे पैसे आणि आठवडा वाचेल.

फोंडेकर_२२
झकास. रंग? आणि टांगायला तंगूस (नायलॉनचा दोरा) चालेल?

कातरण
पावसात लॅकर स्प्रे मारलात तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंग दुधाळ होतो. स्प्रेच हवा असेल तर पाऊस उघडलेल्या दुपारी, २५ सेंमीवरून, तीन पातळ हात. नाहीतर ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून प्रायमर, मग राखाडी ॲक्रिलिक इमल्शन फोमच्या रोलरने. स्वस्तही पडतं. सांध्यांच्या रेघांत पातळ काळा ॲक्रिलिक, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि लगेच फडक्याने पुसा.

तंगूस नको, ओलीत ताणतो. १ मिमी स्टीलची तार, दोन ठिकाणी, थेट कण्यातून. इंजिनांमुळे मागचा भाग जड होतो, म्हणून सगळं चिकटवून झाल्यावर कणा बोटावर तोलून मग भोकं पाडा. आणि गणपतीवर बांधलेल्या माटोळीच्या चौकटीला टांगू नका, तिच्यावर नारळ-सुपाऱ्यांचा भार आधीच असतो. आढ्याला वेगळा हूक मारा.