फिरायला जाण्यासाठी मुलांची शाळा बुडवावी का?

चर्चाप्रस्ताव: दिवाळी आणि मे महिन्यात कोकणातली खोली दुप्पट भावात जाते, रेल्वेचं आरक्षण तर उघडल्या उघडल्या भरतं. डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात तेच निम्म्यात होतं. पाचवीपर्यंतच्या मुलाचे वर्षातून चार-पाच दिवस बुडाले तर बिघडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कडाकपारी: बिघडतं. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस आणि 800 तास धरलेत. म्हणजे पाच दिवस गेले की वीस तास गेले. आणि गणितात तर पायरीच निसटते. पाचवीत आधी सममूल्य अपूर्णांक, मग समच्छेद, मग बेरीज. पहिले दोन तास चुकलेलं मूल 1/2 + 1/3 चं उत्तर 2/5 लिहितं, अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून. वहीत फळ्यावरचं सगळं उतरवलेलं असतं, म्हणून घरी कोणाच्या लक्षातही येत नाही.

चर्चाप्रस्ताव: ही चूक टाळता येते. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीचे दोन भाग, दुसरीचे तीन. मग दोन्हींना घड्या घालून सहा-सहा भाग करा. 3/6 आणि 2/6 समोर दिसतात, 5/6 मूल स्वतःच सांगतं. अर्धा तास पुरतो, पण निघण्याआधी; परतल्यावर नाही.

ओसरी: हे जमायचं तर त्या आठवड्यात कोणता धडा आहे ते आधी कळायला हवं, आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. पालक तिकीट काढून मोकळे होतात, मग बाईंकडे जातात, तेव्हा कळतं की आकारिक मूल्यमापनाची (म्हणजे वर्षभर वर्गातच होत राहणाऱ्या तपासणीची) तोंडी परीक्षा आणि प्रयोग त्याच आठवड्यात आहेत. आधी वर्गशिक्षकांकडून मासिक नियोजन घ्या, मग तारखा ठरवा. अर्जात खरं कारण लिहा. ‘ताप आला’ म्हणून लिहून पाठवलं की मुलाला वर्गात आठवडाभर खोटं सांभाळावं लागतं, हे मला फार वाईट वाटतं.

कडाकपारी: नियोजन बघून जाणाऱ्यांना माझा विरोध कमी आहे. पण आठवीनंतर नकोच. दहावीला 75 टक्के हजेरी लागते, आणि आजारपणासाठी दिवस शिल्लक हवेत. शिवाय रविवारी रात्री उशिरा पोचणारी गाडी घेऊ नका. सोमवारी मूल वर्गात पेंगतं, तो सहावा दिवस तुमच्या हिशेबात धरलेलाच नाही.