मदत हवी आहे: शेल स्क्रिप्ट चालवली आणि ४३ फोटोंचे २ उरले

मंडळी, उबुंटूवर (लिनक्सची एक आवृत्ती) शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांडा एका फाइलमध्ये लिहून चालवणं, शिकतोय, नवखा आहे, सांभाळून घ्या.

आईच्या मोबाइलमधले व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो वर्षवार फोल्डरांत लावायचेत. नावं 'आयएमजी-२०१९०९०२-डब्ल्यूए००१४' अशी, म्हणजे तारीख नावातच. चाचणीला २०१९ च्या गणपतीतले ४३ घेतले. फॉर लूपमध्ये (एकेक फाइल घेऊन तेच काम पुन्हा करणारा भाग) नावातली वर्षाची चार अक्षरं कापली आणि एमव्ही या फाइल हलवणाऱ्या किंवा तिचं नाव बदलणाऱ्या कमांडने फाइल त्या वर्षाकडे पाठवली.

आधी 'बॅड सबस्टिट्यूशन' अशी एरर आली. एसएचऐवजी बॅशने (दोन्ही शेल, म्हणजे कमांड चालवणारे प्रोग्राम) चालवलं, तर चाललं. फक्त एकदा "टार्गेट '२०१९' इज नॉट अ डिरेक्टरी" म्हणालं. बघतो तर फोल्डर नाहीच! '२०१९' नावाची एक फाइल, उघडली तर विसर्जनाचा फोटो. आणि आईने ज्याच्या नावात जागा सोडून 'मोदक' लिहिलं होतं, तो जागच्या जागी. बाकी ४१ ट्रॅशमध्येही नाहीत. कुठे गेले?

प्रतिसाद:
फोल्डर आधी केलं नव्हतंत ना? '२०१९' फोल्डर असतं तर एमव्हीने फाइल आत टाकली असती. नाही म्हटल्यावर ते फाइलचं नवं नाव समजलं. पहिला फोटो '२०१९' झाला, दुसराही '२०१९' झाला आणि पहिला पुसला गेला. लूप नावांच्या क्रमाने फिरतो, म्हणून शेवटचा, विसर्जनाचा, उरला. एमव्ही विचारत नाही आणि ट्रॅशशी त्याचं देणंघेणं नाही.

'मोदक' वाचला तो तुमच्या दुसऱ्या चुकीमुळे. व्हेरिएबलला (लूपमध्ये फाइलचं नाव धरून ठेवणाऱ्या शब्दाला) दुहेरी अवतरण नव्हतं, जागेपाशी नावाचे दोन तुकडे झाले. दोन फाइली दिल्या की शेवटी फोल्डरच लागतं, म्हणून एमव्ही अडलं. ती एरर खरं तर रोगाचं नावच सांगत होती.

एमव्हीच्या आधी एमकेडीआयआर मायनस पी (फोल्डर नसेल तर करणारी कमांड) लिहा. वर्षाच्या शेवटी स्लॅश द्या, मग फोल्डर नसेल तर एमव्ही हलणारच नाही. एमव्हीला मायनस एन लावलं तर असलेली फाइल पुसत नाही. आणि पहिल्यांदा एमव्हीच्या आधी एको लिहा, मग कमांड चालत नाही, नुसती छापली जाते, ती वाचा.

एसएचचं म्हणाल, तर उबुंटूत ते डॅश नावाचं वेगळं शेल आहे. अक्षरं कापायची ती पद्धत बॅशची, डॅशला येत नाही.

मोबाइलमधले फोटो उडवले नाहीत ना?

धागाकर्ता:
नाही, कॉपीच केले होते, वाचलो! पुन्हा उतरवले. एको लावून ४३ ओळी वाचल्या, 'मोदक'साठी व्हेरिएबललाही दुहेरी अवतरण दिलंय. आता एको काढतो.