मदत हवी आहे: फोटोतली सिट्रोएन कोणत्या सालची? (तातडीचं)

ल्योंकर
काळी सिट्रोएन त्राक्सियाँ आव्हाँ, पुढच्या मडगार्डवर हात टेकून उभं जोडपं. फोटो फ्रान्समधल्या ल्योंच्या जुन्या बाजारात मिळालेला. प्रदर्शनाची पाटी उद्या छपाईला जातेय. स्टिअरिंग उजवीकडे आहे. '१९३८' लिहू का? लवकर सांगा.

चाकोरी
१९३८ कशावरून? ही गाडी १९३४ ते १९५७ बनत होती आणि बाहेरून फारच थोडी बदलली. वायपर काचेच्या वर आहेत की खाली? बॉनेटच्या बाजूला उघडणाऱ्या झडपा आहेत की नुसत्या उभ्या फटी? नंबरप्लेट?

स्लाउप्रेमी
उजवं स्टिअरिंग म्हणजे इंग्लंडच्या स्लाउ कारखान्यातली. तिकडे हिला लाइट फिफ्टीन म्हणत.

निगेटिव्ह
फोटो समोरून काढलाय ना? मग डावं स्टिअरिंग बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येणारच. निगेटिव्ह उलटी छापली असती तर नंबरप्लेटवरची अक्षरंही उलटी दिसली असती.

रंगरंगोटी
आधी एआयने रंग भरून घ्या, फोटो जिवंत होतो.

चाकोरी
ओळख पटवताना रंग नको. युद्धानंतर कित्येक वर्षं या गाड्या जवळपास सगळ्या काळ्याच निघत. सॉफ्टवेअर खुशाल मरून रंग देईल.

ल्योंकर
हो, समोरून, जरा तिरका. वायपर वर. फटी आहेत, झडपा नाहीत. प्लेट पुसट आहे, शेवटी ६९ वाटतंय. ही लेजेर (आखूड प्रकार) की नॉर्माल (लांब)?

निगेटिव्ह
मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून प्लेट वाचू नका. प्रिंट केवढी आहे?

ल्योंकर
६ × ९ सेंमी, दातेरी कडा.

निगेटिव्ह
मग बहुधा निगेटिव्हवर थेट ठेवून काढलेली प्रिंट, बारीक तपशील टिकलेला असतो. स्कॅन करा: १२०० डीपीआय (इंचाला १२०० ठिपके), १६ बिट ग्रे, टिफ फाइल. साधारण २८३५ × ४२५२ पिक्सेल मिळतील. शार्पनिंग आणि धूळ काढण्याची सोय दोन्ही बंद ठेवा, नाहीतर ६ चा ८ होतो. काळ्या भागावर चंदेरी चकाकी आली असेल तर स्कॅनर सोडा. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून कॅमेऱ्याने काढा. पुसू मात्र नका.

चाकोरी
फटी म्हणजे युद्धानंतरची, साधारण १९४६ पासूनची. १९५२ मध्ये वायपर काचेखाली गेले, म्हणजे गाडी त्याआधीची. ६९ हा रोन विभागाचा (फ्रान्सचे विभाग म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे), ल्यों तेव्हा त्यातच. शेवटी विभागाचा क्रमांक असलेल्या प्लेटा १९५० पासूनच्या.

स्लाउप्रेमी
मग गाडी १९५० नंतरची म्हणा की.

चाकोरी
नाही. जुनी गाडी विकली गेली की तिला नव्या पद्धतीचा नंबर मिळे. प्लेट फोटोचा काळ सांगते, गाडीचा नाही. लेजेरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २.९१ मीटर, नॉर्मालचा ३.०९, तिरक्या फोटोत हा फरक मोजता येत नाही, म्हणून ते लिहूच नका. स्कॅनमध्ये ६९ पक्कं झालं तर पाटीवर 'गाडी १९४६–५२, फोटो १९५० किंवा नंतरचा'. नाहीतर फक्त गाडीचा काळ.

ल्योंकर
स्कॅन केला. ६९च आहे. तसंच छापतो.

रंगरंगोटी
रंग भरून हवा असेल तर सांगा.