कोॲग्युलंट: किलाटक, साकळक की निवळक?

तापीकाठ: जळगाव एमआयडीसीतल्या एका फळप्रक्रिया कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) मी काम करतो. सांडपाण्याला तुरटीऐवजी शेवग्याच्या बियांची पूड वापरून पाहतोय. कामगारांसाठी सूचना मराठीत लिहायच्या आहेत. परिभाषा कोशात कोॲग्युलेशनला (पाण्यातला मळ एकत्र धरायला लावण्याला) ‘किलाटन’ मिळालं, म्हणून कोॲग्युलंटला, म्हणजे ते घडवणाऱ्या तुरटीसारख्या पदार्थाला, ‘किलाटक’ लिहिलं. ऑपरेटरने वाचलं आणि विचारलं, “भाऊ, हाई काय शे?” दुसरा शब्द सुचवा.

गिरणाथडी: किलाटन चुकीचा नाही. संस्कृतात किलाट म्हणजे नासवून घट्ट केलेलं दूध. पण तो आज कुणाच्या तोंडी नाही. ‘साकळणे’ आहे. रक्त साकळतं, तसा पाण्यातला मळ साकळतो. ‘साकळक’ लिहा.

पांझरा: मला ‘निवळक’ जवळचा वाटतो. निवळीचं बी भांड्याला आतून घासून त्यात गढूळ पाणी ठेवायचं, ही जुनी रीत. सुश्रुतसंहितेत पाणी निवळवणाऱ्या वस्तूंत कतक, म्हणजे निवळीच, आहे. मनुस्मृतीत तर म्हटलंय की कतकाचं फळ ‘अम्बुप्रसादक’ असलं तरी नुसतं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. आणि अहिराणीत ळ चा य होऊन ‘पानी निवयनं’ आजही ऐकू येतं. पावसाळ्यात गिरणा नदीचं गढूळ पाणी घरी आणलं की मोठी माय तुरटी फिरवायची आणि सकाळी हेच म्हणायची.

गिरणाथडी: पण ‘चुन्याची निवळी’ आठवा. तिथे निवळी म्हणजे वर राहिलेलं स्वच्छ पाणी. निवळणं हा शेवट आहे, औषधाचं काम त्याच्या आधी होतं.

तापीकाठ: हे पटलं, कारण जार टेस्टमध्ये (भांड्यांत थोडं थोडं पाणी घेऊन किती पूड लागते ते पाहण्याच्या चाचणीत) डोळ्यांना तेच दिसतं. मळाच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून तासन्‌तास तळाला बसत नाहीत. शेवग्याच्या बियांतल्या प्रथिनांवर धन भार असतो. पूड घालून आधी जोरात ढवळायचं. तेव्हा भार मोडतो, पण पाणी अजून गढूळच दिसतं. मग वेग कमी केला की नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसू लागतात, मोठ्या होतात. ढवळणी थांबवली की खाली बसतात. पहिलं साकळणं, दुसरं पुंजके धरणं (फ्लॉक्युलेशन), आणि वर उरते ती निवळ. तिन्हींना एकच शब्द वापरला तर ऑपरेटरला कुठे जोरात ढवळायचं आणि कुठे हळू, हे कळणारच नाही.

पांझरा: मग ‘साकळक’ला माझीही हरकत नाही. क्लॅरिफायरला, म्हणजे गाळ खाली बसतो त्या टाकीला, मात्र ‘निवळटाकी’च म्हणा.

तापीकाठ: म्हणतो. सूचनेत आणखी एक ओळ ठळक घालतोय: ‘झाडाचं आहे म्हणून ओंजळीने टाकू नये.’ तुरटीने पाण्याचा सामू (पीएच) उतरतो, तसा शेवग्याने फारसा उतरत नाही, हे खरं. पण बियांतला बाकीचा सेंद्रिय भाग पाण्यात विरघळतो आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढतो. म्हणून आधी तेल काढून घेतलेली पूड, तीही रोजच्या जार टेस्टप्रमाणे मोजून.

गिरणाथडी: ‘मोजून’च्या पुढे माप कशाने घ्यायचं तेही लिहा. ‘एक चमचा’ लिहिलंत तर प्रत्येकाचा चमचा वेगळा.