घुमट शेकणारे काका
घरातल्या अपंग माणसाच्या आठवणी म्हणजे शेवटी त्याच्या सेवेच्याच आठवणी, असं कुणी म्हटलं की मला ते अर्धंच पटतं. आमचे धाकटे काका जन्मांध. ताटात काय कुठे वाढलंय ते सांगावं लागे, हे खरं. पण गणेश चवथीला गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या वाड्यावरची घुमटं, म्हणजे तोंडाला कातडं ताणलेली मातीची वाद्यं, त्यांच्याकडेच यायची. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं. काका ते निखाऱ्यावर शेकत, मधूनच टिचकी मारून कान लावत आणि ‘अजून ओलं आहे’ म्हणत परत धरत. साथीला शामेळ हे चर्मवाद्य वाजवणाऱ्याचा ताल चुकला की भर आरतीत खाकरत!

घोरपडीच्या कातड्यावर बंदी, म्हणून बकऱ्याचं आलं, तेव्हा मात्र खूप कुरकुरले. २०१९मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य ठरवलं, तेव्हा काका नव्हते. असते तर म्हणाले असते, आधी कातडं दाखवा.