कॅन्सरच्या फाईलमधले शब्द शिकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

नमस्कार. चार महिन्यांपासून मी एका संस्थेतर्फे कॅन्सरच्या रुग्णालयात रुग्ण-सहाय्यक म्हणून काम करते. केसपेपर काढून देणं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं जुळवणं, कुठली तपासणी कुठल्या मजल्यावर ते दाखवणं, बाहेरगावच्यांची राहायची सोय बघणं, अशी माझी कामं. शिक्षण बी.ए., इतिहास. विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला.

धावपळीचं काही वाटत नाही. मी अडते ती शब्दांपाशी. ओपीडीतून बाहेर आलं की नातेवाईक फाईल माझ्यापुढे धरतात, "ताई, काय म्हणाले हो डॉक्टर?" परत आत जाऊन विचारायचा त्यांना धीर होत नाही.

दीड महिन्यापूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. स्तनाच्या कॅन्सरच्या एक बाई होत्या, सोबत मुलगा. त्याच्या आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका पेशंटच्या रिपोर्टात 'मार्जिन निगेटिव्ह' असं होतं आणि सिस्टरांनी मला सांगितलं होतं की हे चांगलं असतं. या बाईंच्या रिपोर्टात ईआर, पीआर, हर टू या गाठीच्या पेशींवरच्या तिन्ही तपासण्यांपुढे निगेटिव्ह होतं. मी म्हटलं, "सगळं निगेटिव्ह आलंय, चांगलं आहे." मुलाने तिथूनच गावी फोन लावला. तासाभराने डॉक्टरांनी समजावलं की याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, हार्मोनच्या गोळ्या यात चालत नाहीत, केमो घ्यावी लागेल. मुलगा मला एका शब्दानेही बोलला नाही. पण त्यानंतर त्याने फाईल कधी माझ्या हातात दिली नाही.

मला डॉक्टर व्हायचं नाही, पण परत असं कोणाचं करायचं नाही. इंटरनेटवरच्या शब्दयाद्या अ ते ज्ञ पाठ करून काही हाती लागेना. कोणते शब्द आधी शिकावेत? मराठीत काय म्हणावं? आणि आपण कुठे थांबावं?

प्रतिसाद: जुनी परिचारिका

ताई, मी बावीस वर्षं कॅन्सर वॉर्डात होते. तुमच्यासारखी चूक नव्या सिस्टरांकडूनही होते, कारण हे शब्द ओळखीचे वाटतात. जे शब्द अगदीच परके असतात ते आपण विचारतो तरी.

म्हणून यादी तिथूनच सुरू करा. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दिसलं की आधी बघायचं, कशाबद्दल म्हटलंय? मार्जिन निगेटिव्ह म्हणजे कापून काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर दिसला नाही. नोड निगेटिव्ह म्हणजे तपासलेल्या लसीका गाठींत (काखेत, मानेत सगळ्यांनाच असतात त्या लहान ग्रंथी) तो सापडला नाही. दोन्ही चांगल्या गोष्टी. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे त्या पेशी इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढतात, म्हणून हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होतो. म्हणजे तिथे पॉझिटिव्ह आलं तर उपचाराचा एक रस्ता जास्त मिळतो. असाच दुसरा शब्द 'प्रोग्रेशन'. घरच्यांना वाटतं प्रगती आहे, सुधारतंय. त्याचा अर्थ आजार वाढलाय. आणि स्कॅनमध्ये 'अनरिमार्केबल' लिहिलं असेल तर तिथे वावगं काही दिसलं नाही.

स्टेज आणि ग्रेड वेगळे ठेवा. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर गेलाय. त्यासाठी टी, एन, एम ही अक्षरं असतात: मूळ गाठ, लसीका गाठी, आणि दूरच्या अवयवात पसरणं. टी ४ वाचून 'चौथी स्टेज' कधीही म्हणू नका. स्तनाच्या कॅन्सरमध्ये टी ४ असून दूर पसरलेला नसेल तर तो तिसऱ्या स्टेजमध्ये धरतात. उलट तोंडाच्या कॅन्सरमध्ये टी ४ ए ची गाठ, दूर कुठे पसरलेली नसली तरी, '४ ए' मध्ये मोजतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पूर्ण बरं करायच्या हेतूनेच ऑपरेशन देतात. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे असे पेशंट खूप. 'चौथी स्टेज' ऐकूनच उपचार सोडून एसटीत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून यावर इतकं लिहिलं.

शब्दांची शेपटं ओळखायला शिका, निम्मं काम होतं. 'एक्टोमी' म्हणजे काढून टाकणं, 'ऑस्टोमी' म्हणजे बाहेर उघडणारी वाट करणं. मॅस्टेक्टोमीत स्तन काढतात, कोलोस्टोमीत आतड्याची वाट पोटावर काढून पिशवी लावतात. 'आयटिस' म्हणजे दाह. केमोत तोंड येतं ते म्युकोसायटिस. 'ओमा' म्हणजे बहुतेक वेळा गाठ, पण कॅन्सरचीच असं नाही. लायपोमा ही चरबीची साधी गाठ.

एक आकडा मात्र पाठच करा. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, गोळी देऊन झोपवायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. हे तुम्ही बेधडक सांगा.

प्रतिसाद: बुलढाण्याचा मुलगा

आईच्या आजारपणात आठ महिने परळला होतो. धर्मशाळेतून टाटा, टाटातून धर्मशाळा. पेशंटच्या बाजूने थोडं सांगतो.

शुद्ध मराठी शब्दांमागे फार लागू नका. 'कर्करोग' आम्ही पेपरात वाचतो, बोलताना कॅन्सरच म्हणतो. पण चालू बोलीतले शब्दही तपासून घ्या. रेडिएशनला कोणी 'शेक' म्हणतं, कोणी 'लाईट', कोणी 'करंट'. करंट म्हटल्यावर आई दोन रात्री झोपली नाही, तिला वाटलं शॉक देणार. एका ताईंनी सांगितलं, "मावशी, मशीनखाली निजायचं, एक्स-रे काढताना दुखतं का? तसंच. कातडी काळी पडते ती पुढच्या आठवड्यांत." तेवढ्यावर ती तयार झाली. बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशनने माणूस किरणोत्सर्गी होत नाही, नातवाला मांडीवर घेता येतं, हेही आवर्जून सांगा. पेट स्कॅनचं वेगळं, त्यात किरणोत्सर्गी औषध टोचलेलं असतं, म्हणून त्या दिवशी काही तास लहान मुलं आणि गरोदर बायांपासून लांब राहायला सांगतात. आमच्या शेजारच्या बिहारच्या काकांना तर वाटलं होतं, पेट म्हणजे पोटाचीच तपासणी.

आणि तोंड उघडण्याआधी एक विचारा: पेशंटला काय माहीत आहे? कितीतरी घरांत त्या माणसाला नुसती 'गाठ' सांगितलेली असते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज वही केली. डाव्या पानावर फाईलमधला शब्द, उजवीकडे पेशंट काय म्हणतात ते, खाली सिस्टरांकडून तपासून घेतलेला अर्थ. कोणी रिपोर्ट दाखवला तर अर्थ न सांगता त्यांचे प्रश्न कागदावर लिहून देते आणि डॉक्टरांकडे परत सोबत जाते.

एक शब्द अजून जड जातो. 'पॅलिएटिव्ह'. उद्या एका आजोबांना तिथे न्यायचंय.

प्रतिसाद: जुनी परिचारिका

'उपशामक' हा शब्द छापील कागदावर ठीक आहे. तुम्ही म्हणा, "दुखणं, दम, उलटी, झोप न लागणं, यावर बघणारे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जायचंय." हे उपचार केमोसोबतही चालतात, त्यामुळे 'आता काही होणार नाही' असा अर्थ त्यातून आपण काढायचा नाही. घरच्यांनी तसं विचारलंच तर तो प्रश्न डॉक्टरांसाठी वहीत लिहा. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या तर बद्धकोष्ठाचं औषध सोबत दिलंय का ते आठवणीने विचारा, बहुतेकांना लागतं.

आजोबांच्या आधी दहा मिनिटं जाऊन तिथे बाक रिकामा आहे का बघून या. दुखत असलेल्या माणसाला उभं राहवत नाही.